झाकून ठेवायचे दिवस

परवा वाण्याच्या दुकानाबाहेर साबणाच्या वड्यांचा रिकामा खोका दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा टाकू नका हं, मी नेते." वाणी ओळखीचा. हसून म्हणाला, "सुरू झाला का वहिनी तुमचा सीझन?" मी काहीतरी हो-ना केलं आणि खोका काखोटीला मारून निघाले. घरी पोचेपर्यंत माझे तळहात घामाने चिकट झाले होते. तो घाम उन्हाचा नव्हता. डोंबिवलीत एप्रिल महिन्यात घाम कशाचा आलाय हे कुणी विचारत नाही, तेवढंच बरं.

मला पूर्वी एप्रिल आवडायचा. हे आता सांगितलं तर आमच्या घरात कुणाला खरं वाटणार नाही. गच्चीत वाळत घातलेल्या चिकवड्या आणि त्या राखायच्या निमित्ताने अर्ध्या ओल्याच खाऊन टाकणं. परीक्षा संपल्यानंतरची ती बिनकामाची दुपार. माठाला गुंडाळलेल्या फडक्याचा ओलसर वास. आता फडकं म्हटलं की मला उन्हाने चक्कर येऊन पडलेली घार आठवते. तिच्या अंगावर आधी फडकं टाकायचं, डोळे झाकायचे, मग पंख अंगाशी आवळून तिला उचलायचं, आणि हे सगळं करताना तिच्या नख्यांपासून आपली बोटं वाचवायची. एवढा मोठा पक्षी, पण हातात घेतला की वजन काहीच लागत नाही. पहिल्यांदा उचलली तेव्हा मला वाटलं, फडक्यात काही आलंच नाही.

आमची संस्था वगैरे काही नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत विखुरलेली चार टाळकी आणि मोबाईलवरचा एक ग्रुप. कुणाचा तरी फोन येतो, आमच्या बिल्डिंगखाली पक्षी पडलाय. जो जवळ असेल तो पळतो, पाखरू खोक्यात घालतो, वन खात्याला कळवतो, कळव्याच्या डॉक्टरांकडे नेऊन पोचवतो. बरं झालं तर सोडायचं. नाही झालं तर काय, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नाही. ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकायचं की झालं.

लोक म्हणतात, बाई, केवढं धाडस तुमचं! डोंबलाचं धाडस. मी जन्माची भित्री. लहानपणी पाल दिसली की खुर्चीवर चढून बसायची. या कामात पडल्यापासून पालीची भीती गेली आणि फोनची बसली. रिंगटोन बदलून बघितली, सनईची लावली, तर महिन्याभरात सनईचीच भीती बसली. भाचीच्या लग्नात सगळे मुंडावळ्यांकडे बघत होते आणि मी पर्समध्ये फोन चाचपत होते. शेवटी फोन मुका करून ठेवला. मग तर दर थोड्या वेळाने काढून बघायचा, म्हणजे भीती आपली आपणच हातात धरून बसायचं.

पण यंदा माझी भीती पाखरांची नाही. यंदा मला फिलूबायची भीती वाटते आहे. उन्हाचे हे दिवस ती नीट काढेल ना, एवढा एकच प्रश्न साबणाच्या त्या खोक्यासकट मी घरी घेऊन आले.

फिलूबाय म्हणजे फिलोमिना. माजिवड्याला टॉवरांच्या मागे जुनं गाव अजून थोडं शिल्लक आहे, तिथे तिचं बैठं घर. शेती होती ती गेली. अंगणातली चिंच, बाजूची पडवी आणि दारावरचा लाकडी क्रूस एवढं राहिलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. माझ्याहून वयाने चांगलीच मोठी. आमच्यातल्या सगळ्यांना हे काम तिनेच शिकवलं. पहिल्या भेटीत मी रीतीप्रमाणे 'अहो फिलूबाय' म्हणाले तर फटकन म्हणाली, "अहो-जाहो कशाला गो? मी काय तुझी सासू हाय?" तेव्हापासून मी तिला अगंतुगं करते आणि मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजूनही त्याचं नवल वाटतं.

तिने शिकवलेला पहिला नियम होता, "झाकायचा नि इसरायचा." पाखरू खोक्यात ठेवलं, खाली मऊ कापड घातलं, हवेला भोकं पाडली, की झाकण लावायचं आणि विसरून जायचं. पाणी पाजायचं नाही. भली भली माणसं कळवळून चोचीत बाटलीचं पाणी ओततात, ते श्वासनळीत जातं आणि वाचणारं पाखरू डोळ्यांदेखत जातं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, कुरवाळायचं तर मुळीच नाही. आणि मुख्य म्हणजे उघडून बघायचं नाही. "त्याला आपन राक्षस दिसतंव गो," फिलूबाय सांगायची. "तू मायेनं वाकून बगशील, नि त्याचा जीव भ्यावानं जाईल." अंधार आणि शांतता, एवढंच त्याचं औषध. डॉक्टरही तेच सांगतात, फक्त त्यांना ते सांगायला जास्त वेळ लागतो.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. घरात बेडरूमच्या कोपऱ्यात झाकलेला खोका आहे, टीव्ही बंद, मिक्सर बंद, मंदार चवड्यांवर चालतोय आणि कुजबुजत विचारतोय, "भाजी तरी चिरू का, की तिचाही आवाज होतो?" आणि मी दाराबाहेर जमिनीवर बसलेली, कान लावून. आत खरखर झाली की जिवंत आहे. खरखर थांबली की झोपलं असेल. बराच वेळ थांबली की झोपलंच असेल, असं स्वतःला सांगायचं. उघडलं नाही तोवर काही झालेलं नसतं. माझा जीव त्या झाकणावर टांगलेला असायचा. सकाळी डॉक्टरांकडे न्यायला खोका उचलायचा, तो हलका लागतोय की जड, यावरूनच मी मनाशी काहीबाही ठरवायची आणि कळव्याच्या पुलावर रिक्षा अडकली की देवाचं नाव घ्यायची.

ही भीती खोक्यापुरती राहत नाही. माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापण्याची कंपनी. गोडाऊनमधून लेबलांचे खोके येतात. एकदा त्यातल्या एकात उंदीर शिरला होता आणि आतून खरखर आली. सगळ्या बायका ओरडत पळाल्या. मी मात्र मटकन खाली बसले आणि झाकणावर हात ठेवून म्हणाले, "उघडू नका, उघडू नका." साहेबांनी मला पाणी दिलं आणि दोन दिवस रजा घ्या म्हणाले. हायवेवर काळी प्लास्टिकची पिशवी उडताना दिसली तरी माझी मान वळते. आणि रविवारी दुपारी मंदार जेवून आडवा झाला की माझी नजर त्याच्या छातीवर. वरखाली होतेय ना? होतेय. परत बघायचं. त्याला ते झोपेतही कळतं. डोळे न उघडता म्हणतो, "जिवंत आहे गं मी. चहा टाक." मी हसते, उठते, चहा टाकते, आणि आधण उकळेपर्यंत दारातून पुन्हा एकदा बघून येते.

हे फिलूबायला कधी बोलले नाही. तिच्यापुढे आपली भीती काढायची म्हणजे लाजच वाटायची. तिच्या पडवीत एका वेळी कितीतरी खोके ओळीने असायचे आणि ती मधे पाटावर बसून शांतपणे बोंबील साफ करायची. मला वाटायचं, हिला काही होत नाही. हिला सवय झालीय. सगळ्यांनाच तसं वाटायचं. ग्रुपवर कुणी रडवेलं झालं तर आम्ही म्हणायचो, फिलूबायकडे बघ जरा.

मग गेल्या वर्षीचा मे आला.

पावसाळ्याआधी सोसायट्या झाडं छाटून घेतात. दरवर्षीचंच आहे. फांदी गाडीवर पडू नये, वायर तुटू नये, म्हणून करवतवाली माणसं आणून झाडाला पार बोडकं करायचं. आणि नेमक्या त्याच दिवसांत बगळ्यांची, रातबगळ्यांची घरटी त्या झाडांवर असतात. खालून दिसत नाहीत. दिसतात तेव्हा फांदी खाली आलेली असते.

माजिवड्याच्या एका कॉम्प्लेक्समधून फोन आला. शनिवार होता, मी आणि निखिल पोचलो तेव्हा फिलूबाय आधीच तिथे होती. निखिल म्हणजे आमच्यातला कॉम्प्युटरवाला, तिच्याच गल्लीच्या तोंडाशी राहतो. पार्किंगमध्ये फांद्यांचा ढीग, आणि त्या ढिगात, ढिगाखाली, गाड्यांच्या चाकांशी, सगळीकडे पिल्लं. रातबगळ्यांची पिल्लं दिसायला अगदी वेडीबागडी असतात, डोक्यावर केस पिंजारलेले, पाय शरीरापेक्षा मोठे. घाबरली की पोटातले मासे ओकतात. त्या उन्हात तो वास असा भपकारला की लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे. वर पक्षिणी ओरडत घिरट्या घालत होत्या. उतरायला फांदीच नव्हती.

सेक्रेटरी आमच्यावरच चिडला. "आम्हाला काय माहीत वर घरटी आहेत? उद्या फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर तुम्ही येणार का?" तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. माझ्या पायाशी एक पिल्लू चोच उघडून बसलं होतं आणि मला ते उचलायचं धैर्य होईना. फिलूबाय मात्र कामाला लागली होती. वाकायची, उचलायची, ठेवायची. खोके संपले. मग तिथल्या बायकांनी धुण्याच्या टोपल्या आणून दिल्या, कुणी बादल्या दिल्या. सगळं तिच्या पडवीत नेऊन लावलं. डॉक्टर कळव्याहून धावत आले, जे करता येण्यासारखं होतं ते केलं, आणि जाताना मला म्हणाले, फारशी आशा धरू नका.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आवाज आठवतात. पहिल्या दिवशी पडवीभर खरखर आणि चोचींची टकटक होती. मग एकेक खोका गप्प होत गेला. मी ऑफिसहून परस्पर तिकडे जायची आणि अंगणाच्या फाटकातच थांबून ऐकायची. आत पाऊल टाकायला नको वाटायचं. फिलूबाय गप्प झालेले खोके उचलून मागच्या बाजूला नेऊन ठेवायची. चेहऱ्यावर काही नाही. एकदा मी म्हणाले, "फिलूबाय, जरा बस ना गं." ती म्हणाली, "बसतंय." आणि दुसरा खोका उचलला.

शेवटचं पिल्लू थोडं तगलं. ग्रुपवर सगळ्यांचा जीव त्या एकात गोळा झालेला. मग तेही गेलं.

त्या दिवशी तिने खोक्यांतली सगळी कापडं धुतली, अंगणातल्या दोरीवर वाळत घातली, आणि मला फोन केला. आवाज रोजचाच. म्हणाली, "सगला झाला गो. आता मनाच झाका जरा. कोन नको मना." म्हणजे आता तिलाच झाकायचं, कुणी जायचं नाही.

आता सांगा, दुसऱ्या कुणा माणसांना हा फोन आला असता तर त्यांनी काय केलं असतं? तडक तिच्या घरी गेली असती. चार शिव्या खाल्ल्या असत्या, चहा करून पाजला असता. पण आम्ही पाखरांची माणसं. आम्हाला वाटलं, बरोबर आहे. अंधार आणि शांतता, एवढंच औषध. निखिलने ग्रुपवर टाकलं, फिलूबायला कुणी फोन करू नका, तिला शांत राहू द्या. सगळ्यांनी अंगठे दिले, मीही दिला. ठरलं की तो रोज संध्याकाळी तिच्या दारात डबा ठेवेल आणि आवाज न करता निघून येईल. चप्पल फाटकाबाहेर काढायची म्हणे, पायरीवर वाजायला नको. मीसुद्धा एकदा गेले. दार लोटलेलं, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बेलकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि आपण केवढ्या समजूतदार, असं वाटून घेत चवड्यांवर परत आले. घरी मंदार म्हणाला, "अगं, वाजवायची तरी होतीस." मी त्याला म्हणाले, "तुला नाही कळायचं यातलं."

डबा रोज रिकामा मिळायचा तोवर सगळं ठीक होतं.

मग एका दुपारी ऑफिसात असताना निखिलचा फोन आला. "ताई, निघताना बघितलं, कालचा डबा तसाच आहे. मुंग्या लागल्यात."

"झोपली असेल," मी म्हणाले. तोंडातून तेच आलं.

"आणि ताई... ती खोक्यांतली कापडं. तेव्हापासून दोरीवरच आहेत. उन्हाने पार कडक झालीत."

"दार वाजवलंस?"

"नाही. शांत राहू द्यायचं ठरलेलं ना."

"कुणी ठरवलं?"

"आपण सगळ्यांनीच ठरवलेलं, ताई." तो तेव्हा कामासाठी पुण्याच्या रस्त्याला लागलेला होता, परत यायला संध्याकाळ झाली असती. मी फोन ठेवला की तसाच टेबलावर टाकला, आठवत नाही. चप्पल बदलायची राहिली, ऑफिसातल्या सपातांवरच खाली उतरले आणि रिक्षात बसले.

वागळे इस्टेट ते माजिवडा हे अंतर ते काय! पण त्या दिवशी मी आयुष्यातली सगळी भीती तिथे खर्च केली असं वाटतं. रिक्षावाला हिंदी गाणं लावून बसला होता, त्याला बंद करा म्हणायचंही सुचेना. तीन हात नाक्याला सिग्नल लागला. बाजूच्या टेंपोत कलिंगडं होती, वर एक माणूस झोपलेला, त्याचा हात खाली लोंबत होता आणि मी त्या हाताकडे बघत राहिले, तो हलतो का म्हणून. हलला. मग सिग्नल सुटला. मनात एकच चाललेलं, देवा, ती नुसती झोपलेली असू दे. देवा, ती माझ्यावर चिडू दे. नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं. ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या घरामागे विहीर आहे, एवढंच सांगते.

गल्लीत शिरले. फाटक. अंगणात ती कापडं दोरीवर, एकही हलत नव्हतं. पायरीवर डबा. दाराला आतून कडी. मी हात उचलला आणि, खरं सांगते, तो हात वाजवेना. वर्षानुवर्षं शिकलेलं अंगात भिनलं होतं. उघडू नको. उघडलंस की संपलं. न उघडता निदान ती आत आहे, ओट्यापाशी आहे, पाटावर आहे. मी दाराला कान लावला, जसा खोक्याला लावायची तसा. काही नाही. कुठेतरी पंखा फिरत होता.

मग माझ्या हाताने काय केलं कोण जाणे, मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले. "फिलूबाय! ए फिलूबाय! दार उघड! उघड म्हणते ना!" शेजारची बाई बाहेर आली, तिचा कुत्रा भुंकायला लागला, मी ओरडतच होते. मी एवढी मोठ्याने ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं.

आतून आवाज आला, अगदी जवळून. दाराला टेकूनच. खालची कडी सरकली.

फिलूबाय दाराच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसली होती. केस सुटलेले, अंगावर चुरगळलेला गाऊन, ओठ सुकलेले. आपल्या मागे तिने तिथेच उशी आणून ठेवली होती, म्हणजे ती कितीतरी वेळ तिथेच बसत असणार. मी तिच्यापुढे कोसळलेच. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रोज ऐकते गो मी तुमची पावलं. चोरावानी येता, डबा ठेवता, नि जाता. कोनी एक दिस तरी दार वाजवायचा."

"तूच म्हणालीस ना, झाका म्हणून!"

"मी काय पाखरू हाय?" ती म्हणाली आणि मग तिचा बांध फुटला. इतकी वर्षं ओळखते तिला, पहिल्यांदा रडताना बघितलं. मध्येच म्हणाली, "मना लय भ्याव वाटायचा. डोला मिटला का त्यांच्या चोची वाजायच्या." मी तिला धरून बसले. कुरवाळलं, पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं, बडबड केली. जे जे पाखराला करायचं नसतं ते सगळं केलं.

त्यानंतर लगेच सगळं छान झालं, असं लिहिलं तर खोटं होईल. ती पावसाळाभर कामावर आली नाही. ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी तिला घेऊन जायची. पहिल्यांदा तर ती दारातूनच परतायला निघाली. मग स्वतःशीच म्हणाली, "पाखरांना डाक्तर हाय, मानसांना पन असेल की." गोळ्या चालू झाल्या. बाईंनी तिला विचारलं, एवढ्या वर्षांत कुणाजवळ बोललात का? तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही भित्री हाय. हिला सांगून आनखी भिववू?" मी तिथे बाईंसमोर हसत सुटले आणि हसता हसता माझंच रडू बाहेर आलं. मग बाई मलाही म्हणाल्या, तुम्हीही येत जा. तेव्हा मी त्यांना मंदारच्या छातीचं आणि सनईचं सांगितलं. फिलूबाय ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढा सगला तुज्या पोटात होता, नि बोल्लीस नाय कधी?" तेवढ्यावर आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून एकमेकींना रागावलो.

ग्रुपमध्ये आता एक पद्धत पडली आहे. कुणाच्या हातातलं पाखरू गेलं, की हात जोडल्याचं चित्र चालत नाही. जो जवळ असेल त्याने त्या माणसाच्या घरी जायचं, बेल वाजवायची, आत जाऊन बसायचं. काही खायला न्यायचं. नको म्हटलं तरी जायचं. निखिल भजी घेऊन येतो आणि घरभर मोठ्याने बोलतो, त्याला वाटतं त्याने बरं वाटतं. वाटतंही. भीती मात्र जात नाही. कुणी सांगितलं असेल की सवयीने जाते, तर त्यांनी हे काम केलेलं नाही.

आणि आता परत उन्हं तापली आहेत. घारी पडायला लागल्या. काल आमच्याच रस्त्यावर छाटणीची गाडी येऊन उभी होती, दोरखंड, करवत, वर चढणारा माणूस. मी खालून ओरडून विचारलं, "घरटी बघितली का रे वर?" तो म्हणाला, "हो ताई, बघितली, नाहीयेत." तरी मी तिथून हलले नाही. फांदी खाली आली, नुसती पानं होती. मी घरी येऊन पडून राहिले.

फिलूबायने पडवी झाडून पुन्हा खोके मांडलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थोडं करू द्या, मात्र एकटीने नाही. मी रोज फोन करते. "कशी आहेस?" "बरी हाय." हे 'बरी हाय' मला पुरत नाही. गेल्या मे महिन्यातही ती 'बरी'च होती. आवाज तोच, शांत, काही थांगपत्ता लागू न देणारा. मंदार म्हणतो, बरी आहे म्हणतेय तर असेल बरी. असेलही. मी मग त्या दोन शब्दांवर दिवस काढते, जेवताना, बिलं तपासताना, आंघोळ करताना. कुठला शब्द जरा लांबला का? कुठे श्वास घेतला?

आज दुपारी लेबलांची प्रुफं तपासत होते आणि फोन हलला. तिचंच नाव. ती स्वतःहून सहसा करत नाही. मी पेन्सिल ठेवून फोन उचलला.

"काय गं फिलूबाय?"

म्हणाली, "एक घार आनून दिलीय पोरांनी. खोक्यात ठेवलीय. मंगापास्नं आवाज नाय तिचा." आणि मग, "मना भ्याव वाटतंय गो. तू ये."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून फोनवर कधी ऐकलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती आणि तरीही, सांगायला विचित्र वाटतं, मला आतून इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीचा हात धरला. "येते," मी म्हणाले. "मलाही वाटतेय. आत्ता निघते. फोन ठेवू नकोस."

साहेबांना घरी अडचण आहे सांगून उतरले. रिक्षावाल्याला माजिवडा म्हणाले. कानाला फोन तसाच. घारीचं काय होईल ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. हायवेला गाड्या तुंबलेल्या, ऊन डोळ्यांत येत होतं, आणि मी दर थोड्या वेळाने विचारत होते.

"आहेस ना?"

"हाय."

रिक्षा जरा पुढे सरकायची.

"फिलूबाय, आहेस ना गं?"

"हाय गो, हाय. तू ये."